बँडवाल्याचा मुलगा

गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी येणे ही आपल्या ग्वाल्हेरीत काही नवलाची गोष्ट नव्हे. ज्या गावात तानसेनाची समाधी आहे आणि ज्या गावाच्या नावाने ख्यालाचे घराणे ओळखले जाते, तेथे एखाद्याने भैरवी ऐकून रुमाल काढला तर शेजारचा रसिक फार तर आपलाही रुमाल चाचपून पाहतो. परंतु गेल्या फेब्रुवारीत मी रडलो तो ख्याल किंवा ठुमरी ऐकून नव्हे. एक बँड ऐकून रडलो. आणि तोही भरसभेत, माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या देखत. वीस वर्षे मुलांना सूर सांभाळायला शिकविणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी स्वतःचा हुंदका सांभाळता आला नाही. याची हकीकत सांगायची तर आधी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, शिंदे सरकारच्या दरबारी बँडात क्लॅरिओनेट वाजवीत. दरबारी वादकाचा मुलगा असे कोणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गालिचा, अत्तरदाणी आणि बीनकार उभे राहतात. आबांच्या वाट्याला यांतले काही आले नव्हते. १९४४ साली, चौदाव्या वर्षी, ते बँडात भरती झाले. पहाटे कवायत, मग वाद्याची घासपूस, मग तालीम, आणि दसऱ्याच्या स्वारीत उन्हातान्हात चालत वाजविणे, असा तो दरबार होता. तेथे त्यांची जागा तिसऱ्या क्लॅरिओनेटची. म्हणजे मुख्य चाल त्यांच्याकडे कधीच नसे. पहिले क्लॅरिओनेट गाणार, दुसरे त्याला धरून जाणार, आणि तिसऱ्याने मधल्या रिकाम्या जागा भरायच्या.

चार वर्षांत सारे आटोपले. २८ मे १९४८ रोजी येथेच, पंडित नेहरूंच्या हस्ते, मध्यभारत संघराज्याचे उद्घाटन झाले. संस्थान इतिहासात जमा झाले आणि आबांचे क्लॅरिओनेट सरकारात जमा झाले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी लष्करातल्या एका कापडाच्या दुकानात जमाखर्च लिहिण्याची नोकरी धरली, पैसे साठवून एक जुने क्लॅरिओनेट विकत घेतले, आणि लग्नसराईत वरातीच्या बँडात वाजवू लागले. ते त्यांनी सत्तरी उलटेपर्यंत केले.

मी त्यांच्या पन्नाशीत झालेले शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही. पाहिला तो आबांचा सराव. तो मोठा विचित्र असे. रात्री जेवणे झाली की ते ओसरीच्या कोपऱ्यात बसत आणि दरबारच्या बँडमास्तरांनी बसविलेली काफीची एक गत वाजवीत. वाजवीत म्हणजे काय, तर त्यातला फक्त आपला भाग. दोन सूर वाजत, मग शांतता. त्या शांततेत त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर मात्रा मोजीत असे. मग तीन सूर. पुन्हा शांतता, पुन्हा अंगठा. मी एकदा विचारले, “आबा, हे गाणे असे तुटके का?” ते म्हणाले, “तुटके नाही रे. बाकीचे वाजवतायत. तुला ऐकू येत नाहीत इतकेच.” मला ते वेडेपणाचे वाटले. ज्यांना वाजवायचे होते ते केव्हाच पांगले होते. काही तर हे जग सोडून गेले होते. आणि हे गृहस्थ त्यांच्यासाठी थांबून मात्रा मोजीत होते.

मी गळ्याच्या गाण्याला लागलो. आपल्या गावात ते स्वाभाविकच. १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांनी पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने येथे माधव संगीत विद्यालय स्थापन केले, तेव्हापासून वही, स्वरलिपी आणि परीक्षा यांच्या द्वारे गाणे मध्यमवर्गी घरांत आले. त्याआधीच, १९१४ साली, कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या वडिलांच्या नावाने विद्यालय काढले होते. अशा गावात गाणारा मुलगा म्हणजे घराची शोभा. बँडात फुंकणारा बाप मात्र कोणी शोभेत धरीत नाही.

मी तेरा वर्षांचा असतानाची गोष्ट. शिकवणी आटोपून तिघे मित्र आणि मी दौलतगंजातून परतत होतो. समोरून वरात आली. डोक्यावर दिव्यांची झाडे घेतलेले मजूर, मागे बँड, सिनेमाचे गाणे चाललेले. बँडाच्या दुसऱ्या रांगेत त्रेसष्ट वर्षांचे आबा, दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा लाल कोट अंगात, गाल फुगलेले. माझा एक मित्र म्हणाला, “तो म्हातारा बघ, फुगे फुगवतोय.” सगळे हसले. मीही हसलो. हसताना आबांची आणि माझी नजरानजर झाली. मी तोंड फिरवून बोळात शिरलो.

रात्री आबा पिठले-भाकरी जेवले आणि या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते लाल कोट घालून घरी येईनासे झाले. बँडच्या दुकानातच कपडे बदलून येत. आणि माझा कोणी मित्र घरी आला असला की क्लॅरिओनेटची पेटी उघडीत नसत.

सहा वर्षांपूर्वी आबा गेले. त्यांच्या सामानात जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. दुकानातली सवय घरीही होती. चाळता चाळता त्या दिवसाची नोंद सापडली: ‘वरात, दौलतगंज. रु. ६०.’ आणि खाली दुसऱ्या दिवसाची: ‘गायनाची फी भरली.’ मी वही मिटली. तेव्हा मला रडू आले नाही. वही ट्रंकेत गेली, क्लॅरिओनेटची पेटी माळ्यावर गेली, आणि मी शिकवणीला गेलो.

आता मैहरकडे येतो. मैहर हे विंध्याच्या कुशीतले एक लहानसे जुने संस्थान. २०२३ पासून मध्यप्रदेशातला स्वतंत्र जिल्हा. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ साहेबांचे गाव म्हणून संगीताचे लोक त्याला ओळखतात. रविशंकर, अली अकबर, निखिल बॅनर्जी आणि खाँसाहेबांची कन्या अन्नपूर्णा देवी ही सारी मंडळी त्या एका घरात तयार झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. तेथे दरवर्षी खाँसाहेबांच्या नावाने समारोह भरतो. माझे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, सतारीचे वेडे. त्यांनी हट्ट धरला म्हणून झाशी, बांदा, सतना असा प्रवास करून आम्ही तेथे पोहोचलो. समारोहाची सुरुवात ‘मैहर वाद्यवृंदा’ने होणार होती. कार्यक्रमपत्रिका वाचून मी मुलांना म्हटले, “हे होईपर्यंत चहा घेऊन येऊ.” मुलगी म्हणाली, “सर, बसू या ना. एवढे लांब आलो आहोत.” तिच्यामुळे मी बसलो.

या बँडाची कथा मला पुस्तकी ठाऊक होती. १९१८ चे साल. इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात घरेच्या घरे ओस पाडली. मैहरातही पोरकी मुले मागे राहिली. त्यांना महाराज ब्रिजनाथसिंहांचा आश्रय मिळाला, आणि दरबारात नव्याने आलेल्या अल्लाउद्दीन खाँ साहेबांनी त्यांना हाताशी धरून बँड उभा केला. म्हणजे ज्या वर्षी आपल्या ग्वाल्हेरीत स्वरलिपीची शाळा सुरू झाली, त्याच सुमारास तिकडे अक्षरओळख नसलेल्या मुलांचा वाद्यवृंद निव्वळ कानावर तयार होत होता.

खाँसाहेबांना बँड परका नव्हता. तरुणपणी कलकत्त्यात पोटाची आबाळ सोशीत त्यांनी मिळेल ते वाद्य हाती घेतले होते: व्हायोलिन, कॉर्नेट, शहनाई, आणि क्लॅरिओनेटसुद्धा. पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन ते ज्यांच्याकडे शिकले ते ईडन गार्डनच्या बँडाचे प्रमुख लोबो हे मूळचे गोव्याचे. पुढे रामपूरच्या वजीर खाँ साहेबांकडे सेनिया परंपरेची तालीम मिळाली; परंतु बँडाची विद्या त्यांनी टाकून दिली नाही. मैहरात त्यांनी सतार, सरोद, इसराज यांच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो बसविले, सतार व बँजो यांच्या मीलनातून एक नवेच वाद्य केले, आणि संस्थानच्या शस्त्रागारातल्या टाकाऊ बंदुकांच्या नळ्या कापून ‘नळतरंग’ तयार केला.

या नळतरंगाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचा सारा प्रसंग त्याच्याभोवती आहे. लहानमोठ्या लांबीच्या पोलादी नळ्या एका चौकटीवर ओळीने मांडलेल्या असतात आणि त्या दोन लहान काठ्यांनी वाजवितात. नळी जितकी आखूड तितका सूर उंच. पण येथे तारेचा हिशेब चालत नाही. तार निम्म्यावर दाबली की नेमका वरचा सा मिळतो. वाजविली जाणारी नळी निम्मी केली तर सूर एक सप्तक सोडून जवळजवळ दोन सप्तके वर जातो. वरचा सा हवा असेल तर नळी सुमारे सात दशांश लांबीची ठेवावी लागते. आणि एकदा जास्त कापली की संपले. तार सैल करता येते, कापलेले पोलाद परत जोडता येत नाही. म्हणजे ज्याने ती वाद्ये घडविली त्याने थोडे घासावे, वाजवून ऐकावे, पुन्हा थोडे घासावे, असे एकेका सुरासाठी किती वेळ केले असेल याची कल्पना करावी. शिवाय या वाद्यात मींड नाही, आंदोलन नाही. जो सूर घडला तो घडला. म्हणून बाकीच्या तंतुवाद्यांनी आपल्या खुंट्या पिळून नळतरंगाशी जुळवून घ्यायचे. ज्याला हलता येत नाही, त्याच्याकडे हलू शकणाऱ्यांनी जायचे.

पडदा वर गेला. साधे लोक, सारख्या पोशाखात, अर्धवर्तुळात बसलेले. निवेदकाने फार न बोलता रागाचे नाव सांगितले आणि वादन सुरू झाले. पहिल्या दोन रचना मी परीक्षकाच्या कानाने ऐकल्या: लय बरोबर, व्हायोलिने एकजीव, चेलो थोडा मागे. आलाप नाही, विस्तार नाही; चार-पाच मिनिटांत रचना संपते. ख्यालाच्या माणसाला हे जेवणाऐवजी नुसती चटणी वाढल्यासारखे वाटते.

तिसरी रचना काफीतली होती.

सतार व सरोद यांनी मुखडा धरला, व्हायोलिनांनी तो उचलला. नळतरंगाचे वादक वयस्क होते. काठ्या हातात धरून ते नुसते बसले होते. एक आवर्तन गेले, दुसरे गेले. मग त्यांनी दोन आघात केले, पावसाच्या पागोळ्यांतून दोन थेंब तांब्यावर पडावेत तसे. आणि पुन्हा थांबले. तंतुवाद्ये पुढे गेली. पुन्हा रिकामी जागा आली, आणि तीन सूर पडले. पुन्हा शांतता.

माझा उजवा पाय हलतो आहे हे माझ्या ध्यानात आले. पायाचा अंगठा चपलेत मात्रा मोजीत होता. मी मोजायला सुरुवात केली नव्हती. तो आपण होऊन मोजीत होता. आणि ती रिकामी जागा पुन्हा आली तेव्हा नळतरंगाचे तीन सूर पडायच्या आधीच ते मला ऐकू आले, क्लॅरिओनेटच्या आवाजात, आमच्या ओसरीच्या कोपऱ्यातून.

वाचकहो, ती आबांची गत नव्हती. मैहरची रचना वेगळी, दरबारच्या बँडमास्तरांची वेगळी. एका रागातल्या दोन रचनांत जेवढे साम्य असते तेवढेच. पण मांडणी तीच होती: कोणी चालायचे, कोणी थांबायचे, आणि थांबणाऱ्याने नेमक्या मात्रेवर येऊन दोन सूर ठेवून पुन्हा बाजूला व्हायचे. लहानपणी मी त्या गतीच्या फक्त फटी ऐकल्या होत्या. त्या फटींच्या भोवतीची भिंत मला पहिल्यांदा दिसत होती. आबा खरेच सांगत होते. बाकीचे वाजवीत होते. मला ऐकू येत नव्हते.

त्यानंतर काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. घशात काही अडकल्यासारखे झाले. मी खाली पाहू लागलो, चष्मा काढला, तो पुसण्याचा बहाणा केला. मग बहाणा पुरेना. दौलतगंजातली ती वरात, लाल कोट, वळलेली मान, आणि वहीतली दोन ओळींची नोंद, सारे एकदम उभे राहिले. सहा वर्षे जे रडू ट्रंकेत बंद होते ते काफीने बाहेर काढले. शेजारच्या मुलीने हळूच विचारले, “सर, बरे वाटत नाही का?” मी मान हलविली. ती समजूतदार, तिने पुढे काही विचारले नाही. नुसती पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि व्यासपीठाकडे पाहत बसली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या नळतरंगवादकांना भेटायला मागे गेलो. ते नळ्यांवर कापड पसरीत होते. मी नमस्कार केला आणि संगीतशिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला: इतकी आवर्तने थांबून नेमकी जागा कशी सापडते, कागद पुढे असतो का? ते हसून म्हणाले, “कागज भी होता है, साहब. पर हमने तो सुनके सीखा. सबको सुनते रहिए, अपनी जगह मिल जाती है.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शारदामातेच्या टेकडीच्या पायऱ्या चढलो. खाँसाहेब पाच वेळचा नमाज पढणारे आणि शारदामातेचे निस्सीम भक्त. खाली येऊन ‘मदिना भवन’ या त्यांच्या घरी गेलो. १९७२ साली ते गेले. तेथेच त्यांची व त्यांच्या पत्नी मदनमंजरी यांची कबर आहे. त्यांच्या शिष्यांनी जग जिंकले. सतार-सरोदाच्या तबकड्या सातासमुद्रापार गेल्या. बँडातल्या त्या पोरक्या मुलांची नावे मात्र फारशी कोणी घेत नाही. तरी त्यांनी उचललेली रचना शंभर वर्षांनंतर माझ्यासारख्या आडदांड श्रोत्याला जागेवर बसवून गेली. पिढी बदलली, संस्थान गेले, आज तो वृंद शासनाच्या आश्रयाने चालतो; पण रिकाम्या जागा भरायला कोणीतरी येत राहिले म्हणून तो वाजतो आहे.

आमच्या बँडाच्या बाबतीत ते झाले नाही. दरबारी बँडाची ती काफी आता पूर्ण कोणालाच येत नाही. पहिले क्लॅरिओनेट काय वाजवीत असे, कॉर्नेट कोठे येत असे, हे सांगणारा कोणी माझ्या माहितीत उरला नाही. माझ्याजवळ आहे तो फक्त तिसऱ्या क्लॅरिओनेटचा भाग, तोही कानात. परत आल्यावर प्रथम मी तो स्वरलिपीत उतरवून काढला. भातखंड्यांच्या गावचा ना मी! जेथे आबा थांबत तेथे मात्रा मोजून टिंबे दिली. कागदावर सूर थोडे आणि टिंबेच फार दिसतात.

मग माळ्यावरून पेटी काढली. क्लॅरिओनेटच्या चाव्यांखालची पॅडे कुजली होती, सांध्यांचे बूच वाळून सुटले होते, एक चावी गंजून बसली होती. ज्या दुकानात आबा कोट बदलीत त्याच दुकानात मी ती पेटी घेऊन गेलो. गादीवर आता मालकाचा नातू असतो. त्याने पेटी उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दद्दा का है ना?” मी म्हटले, “हो. मी त्यांचा मुलगा.” हे वाक्य त्या दुकानात उभे राहून म्हणायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

जुन्या लष्करकर घरांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी दरबारात चाकरी केली. कोणाच्या माळ्यावर एखादे कॉर्नेट असेल, कोणाच्या पेटीत बँडाच्या हस्तलिखित कागदांचा जुडगा असेल, कोणा आजींना एखाद्या चालीचा तुकडा गुणगुणता येत असेल. तो अर्धा आहे, तुटका आहे, म्हणून टाकून देऊ नका. मजजवळही अर्धाच आहे. दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिले तर कदाचित त्यांची मात्रा जुळेल.

क्लॅरिओनेट दुरुस्त होऊन आले आहे. मी गळ्याचा माणूस, मला ते फुंकता येत नाही. मैहरला शेजारी बसलेल्या त्या मुलीने आपण होऊन मागितले. पहिले पंधरा दिवस तिच्या हातून बदकाचा आवाज निघाला आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. परवा मात्र तिने काफीचे दोन सूर स्वच्छ वाजविले, आणि पुढचे लगेच वाजवायला निघाली. मी हात वर करून तिला थांबविले.

“थांब,” मी म्हणालो. “बाकीचे वाजवतायत.”